कासवाला व्हिसा कोण देणार?



गेल्या जूनमध्ये आपल्या मंडळातले एक जुने कुटुंब बारा वर्षांनंतर बहारीन सोडून कायमचे पुण्याला परत गेले. आपल्याकडे कुणी कायमचे निघाले की काय होते ते तुम्हाला सांगायला नको. शेवटचे पंधरा दिवस घर म्हणजे सेलचे दुकान! कुणी फ्रीज नेतो, कुणी मिक्सर, कुणी मुलांच्या सायकली. आमच्या वाट्याला बाल्कनीतली तुळस आली. तुळस गाडीत ठेवून मी परत वर गेलो, तर वहिनी जरा घुटमळत म्हणाल्या, "भाऊजी, अजून एक आहे. कासव न्याल का?"

मोठ्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये ते बसले होते. काळसर पाठ, त्यावर उंचवटे आणि प्रत्येक उंचवट्यावरून निघालेल्या पिवळ्या रेषा, अगदी रांगोळीतल्या चांदणीसारख्या. आमच्या धाकटीने त्याला कोथिंबीर खाऊ घातली आणि तिथेच निर्णय झाला! "बाबा, आपण नेऊया ना!"

मीही जवळजवळ हो म्हणालो होतो. पण एक साधा प्रश्न विचारला, "याचे कागदपत्र?" कागद नव्हते. हे कासव त्यांनाही चार वर्षांपूर्वी असेच परत जाणाऱ्या एका कुटुंबाकडून मिळाले होते. त्या कुटुंबाने कुठून घेतले ते नक्की माहीत नव्हते. एवढेच ऐकिवात होते की "फार्ममध्ये जन्मलेले आहे, जंगलातून पकडलेले नाही."

हे वाक्य ऐकून मला बरे वाटले होते, हे कबूल करतो. फार्ममध्ये जन्मले म्हणजे जंगलाचे काही नुकसान नाही. उलट अशी पैदास वाढली तर जातच वाचेल, नाही का? घरी येऊन रात्री जरा वाचायला बसलो. मग पुढचे दोन-तीन महिने जमेल तेव्हा वाचतच राहिलो. जे कळले ते तुमच्यापुढे मांडतो आहे, कारण हा प्रश्न उद्या तुमच्याही दारात टबमध्ये बसून येऊ शकतो.

हा पाहुणा मूळचा कुठला?

या कासवाचे नाव स्टार कासव, म्हणजे इंडियन स्टार टॉर्टॉइज. हे पाण्यातले नव्हे, जमिनीवरचे कासव आहे. जगात ते नैसर्गिकरीत्या तीनच भागांत सापडते. एक म्हणजे गुजरात-राजस्थान आणि त्याला लागून पाकिस्तानचा थोडा पट्टा, दुसरा म्हणजे तमिळनाडू, आंध्र आणि कर्नाटकाचा पूर्वेकडचा कोरडा भाग, आणि तिसरा श्रीलंका. बस्स. म्हणजे मनामातल्या फ्लॅटमध्ये बसलेले हे कासव आपल्यासारखेच भारतीय वंशाचे. फरक इतकाच, की आपण पासपोर्ट-व्हिसा घेऊन, नोकरीचे पत्र घेऊन आलो. ते (किंवा त्याचे आईवडील) बहुधा कुणाच्या तरी बॅगेत, पाय आत दुमडून, चिकटपट्टी लावून आले असणार.

"बहुधा" का म्हणतो? भारतातून या कासवांची व्यापारी निर्यात कायदेशीरपणे होत नाही. तरीही ती जगभरच्या घरांत आहेत. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी आंध्र प्रदेशातल्या फक्त एका केंद्राचा माग काढला. तिथून वर्षाला किमान ५५,००० स्टार कासवे पकडून पाठवली जात होती. एका केंद्रातून! हा आकडा मी तीनदा वाचला.

आपल्याकडे कासवाला मान आहे. गावाकडच्या देवळात गाभाऱ्यासमोर सभामंडपात दगडी कासव असते, त्याला नमस्कार करून आपण पुढे जातो. विष्णूचा दुसरा अवतार कूर्म. याच भावनेचा हल्ली व्यापार झाला आहे. घरात जिवंत कासव ठेवले की लक्ष्मी येते, वास्तुदोष जातो असे सांगून कासवे विकली जातात. देवळातले कासव दगडाचे आहे, ते पिढ्यान्पिढ्या तिथे आहे आणि त्यासाठी कुणाला रानातून उचलावे लागले नाही. आपल्या पूर्वजांचा शहाणपणा म्हणायचा!

सायटीस आणि त्याचा "सोर्स कोड"

प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी एक करार आहे, त्याचे नाव सायटीस. १९७३ मध्ये वॉशिंग्टनला त्यावर सह्या झाल्या, १९७५ मध्ये तो अमलात आला. भारत १९७६ पासून त्यात आहे आणि आपले बहारीन २०१२ मध्ये त्यात सामील झाले.

करारात तीन याद्या आहेत, त्यांना परिशिष्टे म्हणतात. पहिल्या परिशिष्टातल्या जातींचा रानातून पकडून व्यापार पूर्ण बंद. दुसऱ्यातल्या जातींचा व्यापार परवान्यानेच. तिसऱ्यात एखाद्या देशाने स्वतःहून मदत मागितलेल्या जाती. स्टार कासव अनेक वर्षे दुसऱ्या परिशिष्टात होते. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत ते पहिल्या परिशिष्टात गेले. भारतातही २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, ते आले आहे.

आता आमच्या आयटीवाल्यांना गंमत वाटेल अशी गोष्ट. सायटीसच्या परवान्यावर प्रत्येक प्राण्यापुढे एक अक्षर लिहावे लागते आणि त्या रकान्याला चक्क "सोर्स कोड" म्हणतात! प्राणी रानातून पकडला असेल तर डब्ल्यू. बंदिस्त जागेत रीतसर पैदास झालेला असेल तर सी. बंदिस्त जागेत जन्मला, पण "पैदास" या शब्दाच्या कडक व्याख्येत बसत नसेल तर एफ. पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्यांची व्यापारासाठी नोंदणीकृत केंद्रात पैदास केली असेल तर डी.

"सी" हे अक्षर मिळवायला अटी आहेत. पहिले आईबाप कायदेशीर मार्गाने आलेले हवेत. केंद्राने पैदाशीची दुसरी पिढी तयार केलेली हवी, किंवा ती करू शकते हे दाखवता आले पाहिजे. आणि पुन्हा पुन्हा रानातून भर घालावी लागता कामा नये. म्हणजे नुसती अंड्यांवर बसलेली मादी आणून तिची पिल्ले विकली तर ती "सी" नव्हेत.

नियम उत्तम आहे. पण डेटाबेसवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, रकान्यात काय भरले आहे ते कॉम्प्युटरला दिसते, ते खरे आहे का ते दिसत नाही. रानातून पकडलेल्या कासवावर आणि फार्मवरच्या कासवावर काही वेगळा शिक्का नसतो. डब्ल्यूचा सी करायला फक्त एक पेन लागते.

जरा हिशेब करू या

माझ्यातला इंजिनियर इथे जागा झाला. समजा, एका फार्मला वर्षाला १,००० स्टार कासवांची पिल्ले विकायची आहेत. ढोबळ गृहीत धरू, की एक मादी वर्षातून दोनदा, प्रत्येक वेळी पाचेक अंडी घालते. म्हणजे वर्षाला दहा. त्यातली सहा पिल्ले विकण्याजोगी होतात असे उदारपणे मानू. तर १,००० पिल्लांसाठी लागतील सुमारे १६७ माद्या. तीन माद्यांमागे एक नर धरला तर आणखी ५६ नर. म्हणजे सव्वादोनशे प्रौढ कासवे, त्यांच्यासाठी जागा, चारा, डॉक्टर, अंडी उबवायची यंत्रे.

आणि मादी वयात यायला साधारण सहा वर्षे तरी लागतात, बरेचदा त्याहून जास्त. म्हणजे प्रामाणिक माणसाने आज फार्म काढला तर पहिली काही वर्षे त्याला एकही पिल्लू विकता येणार नाही. शेजारचा अप्रामाणिक माणूस मात्र रानातून पिल्ले आणून पुढच्या महिन्यात विकायला लागेल. बाजारात दोन्ही पिल्ले एकाच भावाने विकली जातात. कोण टिकेल ते सांगायला अर्थशास्त्र शिकायला नको.

हा हिशेब केवळ माझ्या कागदावरचा नाही. इंडोनेशियातून टोके नावाच्या मोठ्या पालींच्या तीस लाख जिवंत "फार्मवरच्या" नगांच्या निर्यातीला वर्षाची परवानगी दिली गेली होती. ट्रॅफिक या संस्थेने २०१५ मध्ये असाच हिशेब मांडला. यातल्या दहा लाख पाली निर्माण करायच्या तरी १ लाख ४० हजार माद्या आणि १४ हजार नर लागतील, शिवाय अंडी उबवायला आणि पिल्ले वाढवायला हजारो पिंजरे. असा कारखाना कुठेही उभा नव्हता.

त्याच देशातल्या हिरव्या अजगरांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. दोन संशोधकांनी २००९ ते २०११ या काळात पापुआच्या बाजूच्या बेटांवर जाऊन पकडणाऱ्यांकडून आणि व्यापाऱ्यांकडून माहिती काढली. रानातून उचललेले ४,२०० हून अधिक अजगर त्यांनी मोजले. त्यांचा निष्कर्ष असा, की "फार्मवर जन्मलेले" म्हणून निर्यात होणाऱ्या या अजगरांपैकी किमान ८० टक्के रानातून पकडलेले होते. हे अजगर विकत घेणाऱ्या माणसाला मात्र आपण निसर्गाचे भले करतो आहोत असेच वाटत असणार. जसे मला त्या टबपाशी वाटले होते.

मग पैदास वाईटच का?

नाही, मंडळी. इथे घाईने निकाल देऊ नये. पैदाशीने जाती वाचल्याही आहेत, आणि सर्वांत सुंदर उदाहरण आपल्या स्टार कासवाच्या सख्ख्या चुलत भावाचे आहे.

म्यानमारमध्ये बर्मीज स्टार कासव राहते. चिनी बाजारासाठी आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापारासाठी ते इतके पकडले गेले की २००० च्या आसपास रानातून जवळजवळ नाहीसे झाले. २००४ मध्ये तिथल्या सरकारने, टर्टल सर्व्हायव्हल अलायन्स आणि वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी या संस्थांच्या मदतीने, १७५ कासवे घेऊन पैदास सुरू केली. यातली बरीचशी तस्करांकडून जप्त केलेली होती. २०१७ पर्यंत ती संख्या १४,००० च्या पुढे गेली आणि साडेसातशेच्या सुमारास कासवे पुन्हा अभयारण्यांत सोडली गेली. १७५ ची १४,०००! चक्रवाढ व्याज म्हणतात ते असे.

यात आणि दुकानातल्या "फार्मच्या" कासवात फरक काय? म्यानमारची केंद्रे त्या कासवांच्या मूळच्या प्रदेशातच होती. पहिली जोडपी कुठून आली याची नोंद होती. आणि पिल्लू विकायचे नव्हते, रानात परत पाठवायचे होते.

आपल्या भारतातही असे झाले आहे. १९७५ मध्ये मगरींचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा घडियाल दोनशेच्या आसपासच उरली होती. अंडी गोळा करून, उबवून, पिल्ले थोडी मोठी करून नद्यांत सोडण्यात आली. १९७६ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांनी चेन्नईजवळ मद्रास क्रोकोडाइल बँक उभी केली. सुट्टीत दक्षिणेकडे गेलात तर मुलांना जरूर दाखवा. पण त्या प्रकल्पाने दुसरा धडाही दिला. २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळ नदीत शंभराहून अधिक घडियाल मेली. पिल्ले सोडली म्हणजे काम संपत नाही, नदी जिवंत राहावी लागते.

व्यापारासाठी केलेल्या पैदाशीनेही काही वेळा रानावरचा ताण कमी होतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. न्यू कॅलेडोनिया बेटावरची क्रेस्टेड गेको नावाची पाल नामशेष झाली असे समजत होते. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली. आज ती जगभर घराघरांत आहे, पण त्या घरांतल्या पाली घरीच जन्मलेल्या. ती भराभर वाढते, लवकर वयात येते, तिची पैदास स्वस्त पडते, म्हणून रानातून चोरून आणण्यात फारसा फायदा उरत नाही. कासवाचे नेमके उलटे. ते सावकाश वाढते, उशिरा वयात येते, पण माणसाइतके जगू शकते. म्हणून पालीला लागू पडलेला न्याय कासवाला लावता येत नाही.

दुर्मीळ तितके महाग

आणखी एक गोष्ट मला नव्याने कळली. सोने जितके दुर्मीळ तितके महाग, हे आपल्याला ठाऊक आहे. प्राण्यांचेही तसेच. एखादी जात संपत आली अशी बातमी आली की काही संग्राहक "संपायच्या आत आपल्याकडे हवे" म्हणून धावतात.

मादागास्करमध्ये प्लाउशेअर नावाचे सोनेरी पाठीचे कासव आहे. त्याच्यासाठी पैदास केंद्र काढले, तर १९९६ च्या मे महिन्यात त्या केंद्रातूनच पाऊणशे कासवे चोरीला गेली! मार्च २०१३ मध्ये बँकॉकच्या विमानतळावर एका बॅगेत ५४ प्लाउशेअर कासवे सापडली. त्या वेळी रानात ती काही शेच उरल्याचा अंदाज होता. शेवटी संवर्धकांनी काय करावे? कासवांच्या सुंदर पाठीवर मोठे आकडे कोरले, म्हणजे ती कुरूप दिसतील आणि संग्राहक घेणार नाहीत. जिवाला वाचवण्यासाठी त्याचे रूप बिघडवावे लागले.

आपल्या मुंबई विमानतळावरच्या बातम्याही तुम्ही वाचल्या असतील. जून २०२५ मध्ये थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४४ इंडोनेशियन पिट व्हायपर आणि तीन स्पायडर-टेल्ड हॉर्न्ड व्हायपर असे विषारी साप निघाले. शेजारच्या सीटवर आपणही बसलेलो असू शकतो!

अल अरीनमधला धडा

हे सगळे आपल्यापासून लांबचे वाटत असेल तर एक उदाहरण आपल्या घरचे देतो. सहलीला आपण मुलांना घेऊन अल अरीन वन्यप्राणी उद्यानात जातो. १९७६ मध्ये सुरू झालेल्या या उद्यानात बसमधून जाताना पांढरेशुभ्र, लांब सरळ शिंगांचे अरबी ओरिक्स दिसतात. ते काही सरपटणारे प्राणी नव्हेत, पण पैदास आणि हौस या दोन्हींची गोष्ट त्यांच्याइतकी स्पष्ट कुणीच सांगत नाही.

१९७२ मध्ये रानातला शेवटचा ओरिक्स ओमानमध्ये मारला गेला. सुदैवाने त्याआधीच, १९६० च्या दशकात, काही ओरिक्स अमेरिकेतल्या फिनिक्सच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन त्यांची पैदास सुरू केली होती. त्यांच्या वंशातले ओरिक्स १९८२ मध्ये ओमानच्या वाळवंटात परत सोडले. १९९६ पर्यंत ते ४५० च्या आसपास झाले. जगभर कौतुक झाले.

आणि मग चोरी सुरू झाली. मांसासाठी नव्हे, शिंगांसाठी नव्हे, तर खासगी संग्रहात जिवंत ठेवण्यासाठी. २००७ पर्यंत ६५ उरले. त्याच वर्षी युनेस्कोने ते अभयारण्य जागतिक वारशाच्या यादीतून काढून टाकले. यादीतून नाव जाण्याची ती पहिलीच वेळ. इतर देशांतल्या प्रयत्नांमुळे २०११ मध्ये ओरिक्सची स्थिती एकूण सुधारल्याचे जाहीर झाले, ही आनंदाची गोष्ट. पण ओमानचा धडा राहतोच. पैदास करून दहा-वीस वर्षांत जे मिळवले ते लोकांच्या हौसेपायी निम्म्या काळात गेले.

"आपण त्याला गावी सोडून येऊ"

आमच्या धाकटीचा पुढचा प्रश्न सोपा होता. "मग बाबा, आपण त्याला भारतात नेऊन सोडूया ना!"

मलाही आधी तसेच वाटले. पण परवान्याशिवाय पहिल्या परिशिष्टातला प्राणी सीमेपलीकडे नेणे म्हणजे तस्करीच, मनात कितीही पुण्य असो. आणि भारतात पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे.

त्यापेक्षा मोठी अडचण निसर्गाची आहे. उत्तरेकडची, दक्षिणेकडची आणि श्रीलंकेची स्टार कासवे दिसायला सारखी असली तरी रक्ताने वेगळी आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशातून परत आणलेल्या कासवांचा डीएनए तपासून ती मूळची कुठली असावीत याचा शोध घेतला, तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. चुकीच्या ठिकाणी सोडले तर भेसळ होते. शिवाय घरात राहिलेले कासव रोग घेऊन रानात जाऊ शकते. परत नेणे अशक्य नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरमध्ये सापडलेली ५१ स्टार कासवे रीतसर कर्नाटकात परत आणली गेली. पण ते दोन देशांच्या सरकारांनी आणि संस्थांनी मिळून केले. एखाद्या कुटुंबाच्या हँडबॅगेचे ते काम नव्हे.

आणि इथे साखीरच्या वाळवंटात सोडणे? कृपया मुळीच नको. हे कासव पावसाळी गवताच्या माळरानावरचे आहे, वाळवंटातले नाही.

मुलांना "नाही" कसे म्हणायचे?

खरे सांगतो, हाच भाग सर्वांत अवघड होता. "नाही" म्हटल्यावर दोन दिवस अबोला सहन केला. मग तिला बसवून एक गणित घातले. "तू आता आठ वर्षांची. हे कासव आणखी पन्नास वर्षे जगेल. आपला व्हिसा किती वर्षांचा?" ती म्हणाली, "दोन." मग स्वतःच गप्प झाली. आपण आखातात राहणारी माणसे. नोकरी बदलली की घर बदलते, कधी देश बदलतो. कासवाला मात्र प्रत्येक वेळी नवा टब आणि नवे काका-काकू.

त्यातून फ्लॅटमधले जीवन त्याला मानवत नाही. त्याला ऊन लागते, काचेतून आलेले नव्हे, खरे. चुकीचा आहार आणि कमी ऊन मिळाले की पाठीवरचे उंचवटे नको इतके वाढतात, हाडे ठिसूळ होतात. दिवसभर एसीत ठेवलेल्या कासवाला बोलता येत नाही, म्हणून ते सुखी आहे असे आपण समजतो.

तेव्हा कुणी कोणताही सरपटणारा प्राणी घ्या म्हणाले, तर एवढे जरूर विचारा:

१. जातीचे नेमके नाव काय, आणि ती सायटीसच्या कोणत्या परिशिष्टात आहे?

२. परवाना आहे का, आणि त्यावर सोर्स कोडचे अक्षर कोणते? "हरवला" किंवा "आमच्या आधीच्या मालकाकडे होता" हे उत्तर म्हणजे नाही.

३. आईबाप दाखवता येतील का? खरा पैदास करणारा माणूस अभिमानाने दाखवतो.

४. प्राणी किती वर्षे जगेल, आणि आपण बहारीन सोडल्यावर त्याचे काय?

५. भारतात नातेवाइकांकडे इग्वाना, बॉल पायथन असे परदेशी प्राणी असतील तर त्यांना सांगा, की फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे सायटीसच्या यादीतल्या अशा प्राण्यांची सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

हिवाळ्यात साखीरला तंबू टाकतो तेव्हाही एक सांगणे. काटेरी शेपटीचा मोठा सरडा दिसला, ज्याला इथले लोक "धब" म्हणतात, तर फोटो काढा आणि जाऊ द्या. तोही धोक्याच्या यादीत आहे. सांड्याचे तेल म्हणून आपल्याकडे रस्त्यावर जे विकतात, त्या बिचाऱ्या सांड्याचा हा नातेवाईक!

आणि मुलांना कासव दाखवायचेच असेल तर मार्चअखेरच्या सुट्टीत रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला घेऊन जा. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून तिथे गावकऱ्यांच्या साथीने समुद्री कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी किनाऱ्यावरच्याच कुंपणात हलवतात, पिल्ले बाहेर आली की टोपलीत घालून वाळूवर सोडतात आणि ती स्वतःच्या पायांनी समुद्रात जातात. गावात घरगुती राहण्याची सोय आहे, सोलकढी आहे. पिल्लू हातात घेता येत नाही, विकत तर नाहीच. आम्ही या वर्षी जाऊन आलो. धाकटी अजून त्याच गोष्टी सांगते आहे.

आता त्या टबमधल्या पाहुण्याचे काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही त्याला घरी नेले नाही. पण "नाही" म्हणून मोकळे होणे बरोबर वाटेना. त्या कुटुंबाच्या संमतीने ओळखीच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना गाठले. त्यांनी त्याला सांभाळायला घेतले आणि योग्य त्या सरकारी खात्याकडे कसे कळवायचे ते सांगितले. अर्ज मी लिहिला. "मूळ ठिकाण" या रकान्यापाशी बराच वेळ थांबलो आणि शेवटी "माहीत नाही" असे लिहिले. उत्तर अजून यायचे आहे. दर शुक्रवारी आम्ही त्याला पाने घेऊन भेटायला जातो.

मंडळातल्या कुणाकडे असा पाहुणा असेल तर लाजू नका, लपवू नका. माझ्याशी किंवा कार्यकारिणीतल्या कुणाशीही बोला. आपण मिळून वाट काढू.



— आपल्या मंडळाचा एक सभासद, मनामा